‘करून पहा’ची शेवटची ओळ झाका

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते बाकीच्यांनाही कळेल. करवीर तालुक्यातली शाळा, सहावी ते आठवीचं विज्ञान तुमच्याकडे. सातवीत ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा आणि प्रयोगशाळा म्हणजे ऑफिसातलं एक कुलूपबंद कपाट. पुस्तकातल्या कृती तुम्ही न चुकता करून घेता, मुलं त्या दिवशी खूश असतात. पण ‘काय कळलं?’ विचारलं की पुस्तकातलं छापील वाक्य म्हणून दाखवतात. मुलांनी स्वतः शोधावं असं काही करायचं तर सुरुवात कुठून करू, आणि पोर्शन कसा संपवू, असं तुम्ही विचारलंय.

कोल्हापुरात आणि आजूबाजूच्या दोन तालुक्यांत मिळून मी २७ वर्षं हाच विषय शिकवला. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं तुमच्यासारखीच गेली. तेव्हा मला वाटायचं की साहित्य कमी पडतंय. पुढे एका शाळेत साहित्य भरपूर मिळालं आणि मुलं तशीच वाक्यं म्हणत राहिली, तेव्हा साहित्याचा दोष नाही एवढं कळलं.

पुस्तकातली कुठलीही ‘करून पहा’ घ्या. अमुक घ्या, त्यात तमुक घाला, पाच मिनिटं थांबा, काय दिसतं? आणि खालच्याच ओळीत काय दिसतं ते छापलेलं. ही पाककृती झाली. पाककृतीला मी नावं ठेवत नाही, हात बसायला ती लागतेच. पण मुलानं त्यात ठरवायचं काय, तर काहीच नाही. काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, काय मोजायचं आणि किती वेळा मोजायचं, हे सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. तर माझा पहिला सल्ला बिनखर्चाचा आहे. त्या कृतीची शेवटची ओळ झाका. फळ्यावर कृती लिहिताना निष्कर्ष गाळा आणि त्या दिवशी पुस्तकं दप्तरात ठेवायला लावा. महिन्याभरानं दुसरी एखादी ओळ झाका, म्हणजे ‘किती घ्या’ हे सांगू नका. आणखी पुढे नुसता प्रश्न द्या, रीत मुलांनाच ठरवू द्या. एकदम नुसता प्रश्न दिलात तर मात्र वर्गाची जत्रा होते. मी करून बसलोय.

सुरुवात दोलकानं, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेल्या वजनानं करा. दोलक कुठल्या धड्यात बसतो याची फिकीर नको, आंदोलित गतीला कसाही जोडता येतो. त्यातून मोजण्याची जी शिस्त लागते ती वर्षभर पुरते. प्रत्येक गटाला दोरा, चार-पाच नट, पट्टी आणि घड्याळ द्या. प्रश्न एकच: झोका लवकर किंवा उशिरा व्हायला काय कारण? आधी मुलांना अंदाज लिहायला लावा. दहातली नऊ मुलं लिहितात, ‘जड असेल तर जोरात जाईल.’ मोठी माणसंही हेच सांगतात, घरी विचारून बघा.

मग मुलं मोजायला लागतात. पहिला घोळ होतो तो एकच झोका मोजण्याचा. एकजण ०.८ सेकंद सांगतो, दुसरा १.३, आणि भांडण लागतं. लागू द्या. आपला हात घड्याळावर पडायलाच थोडा वेळ जातो, हे त्या भांडणातनंच कळतं. मग कुणीतरी म्हणतं, वीस झोके मोजूया आणि वीसनं भागूया. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, फक्त आपण तोंड बंद ठेवलं पाहिजे. २५ सेंटिमीटर दोऱ्याला वीस झोक्यांचे जवळजवळ वीस सेकंद येतात. दोरा चौपट, म्हणजे एक मीटर केला की वेळ चौपट नाही, दुप्पट होतो. हे मुलांना पटत नाही, परत परत मोजतात. त्या परत मोजण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

याच दोलकावर मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो होतो. एका गटाचे आकडे वजनाबरोबर वाढत होते. एका नटाला वीस सेकंद, पाच नटांना साडेएकवीस. मी जरा तावातच म्हणालो, ‘चुकलाय तुम्ही, वजनानं फरक पडत नाही.’ गटातल्या एका मुलीनं तीन वेळा मोजून दाखवलं. आकडा तोच. पोरं माझ्याकडं बघतायत, मी आकड्याकडं. शेवटी तीच म्हणाली, ‘सर, नट एकाखाली एक बांधल्यात. म्हणजे दोरा लांबच झाला की ओ.’ बरोबरच होतं. माळेसारखे बांधल्यानं वजनाचा मध्य खाली गेला होता, म्हणजे दोलकाची लांबी चारेक सेंटिमीटरनं वाढली होती. त्यांनी वजन बदलायला घेतलं आणि नकळत लांबीही बदलली. सगळे नट एकाच जागी, झुबक्यासारखे बांधले तेव्हा आकडा पुन्हा विसावर आला. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे वाक्य मी त्याआधी शंभरदा तरी फळ्यावर लिहिलं असेल. त्या वर्गाला ते पुन्हा लिहून द्यावं लागलं नाही.

तेव्हापासून झुबका बांधा असं मी मुद्दामच सांगत नाही. काही सापळे तसेच ठेवावेत. एक सूचना मात्र आधी द्या: झोका फार लांब ओढून सोडू नका. खूप मोठ्या कोनातून सोडला तर वेळ खरोखरच थोडा वाढतो. एखाद्या गटाला ते सापडलं तर ‘चूक’ म्हणू नका, वर्गापुढं ठेवा. पुस्तकातलं विधान लहान झोक्यापुरतं आहे.

आता वहीबद्दल. उजवं पान दोन भागांत करायला सांगा. वर ‘मला वाटतं’, खाली ‘दिसलं’. दोन्ही पेनानं लिहायचं, खोडरबर बंद. हा नियम मी उकळत्या पाण्याच्या तासाला शिकलो. पुस्तकात १०० अंश सेल्सिअस. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर. उंची तीनशे मीटर वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एक अंशानं उतरतो. म्हणजे इथं पाणी ९८च्या आसपास उकळतं. शाळेतल्या तापमापीची स्वतःची एखाद्या अंशाची चूक धरा, तरी शंभर क्वचितच दिसतं. पण वह्या तपासल्या तर ४८ पैकी ४८ वह्यांत १००! एका पोराच्या वहीत आधी पेन्सिलनं ९८ लिहून खोडलेलं दिसत होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘९८ लिहिलं असतं तर मार्क गेलं असतं.’

डोळ्यानं दिसलेलं खोडून छापलेलं लिहायचं, हे आपणच शिकवलेलं असतं. त्यानंतर मी तो तास फिरवला. आधी पाणी उकळून आकडे घेतो. टेबलापाशी स्वतः उभा राहतो आणि मुलांना वाकून नाही, बाजूनं वाचायला लावतो. तापमापीचा फुगा तळाला टेकू देत नाही, आणि पारा नसलेली, लाल द्रवाचीच तापमापी वापरतो. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडले की विचारतो, पुस्तक चुकलं का आपण? मुलांची कारणं ऐकण्यासारखी असतात: पाण्यात क्षार आहेत, तापमापी खराब आहे, गॅस मंद आहे. प्रत्येक कारणाला ‘हे कसं तपासायचं?’ एवढाच प्रश्न परत करायचा. क्षाराचं तर लगेच तपासता येतं. मीठ घालून उकळा, आकडा खाली न जाता वरच सरकतो, म्हणजे ते कारण बाद. उंचीचं कारण मुलांकडून सहसा येत नाही, ते मी शेवटी सांगतो. सगळं मुलांनीच शोधलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण प्रश्न अंगात मुरल्यावर सांगितलेलं आणि आधीच सांगून टाकलेलं यात फार फरक पडतो.

वेळेचं सांगतो. ३५ मिनिटांत साहित्य वाटणं, करणं, मांडणं आणि आवरणं बसत नाही. बसवायला गेलात की चर्चा कापली जाते, आणि खरं शिकणं तर चर्चेतच असतं. म्हणून दोन तासांत वाटा. पहिल्या तासाला फक्त अंदाज, रीत आणि मोजणी. आकडे फळ्याच्या एका कोपऱ्यात किंवा कार्डशीटवर तसेच ठेवायचे. दुसऱ्या दिवशी साहित्याला हात न लावता फक्त आकड्यांवर बोलायचं. गणिताच्या सरांशी जमत असेल तर त्यांचा तास जोडून घ्या. सरासरी आणि आलेख त्यांच्याही पोर्शनमध्ये असतातच, मी दरवर्षी असा सौदा करायचो.

५२ मुलांचे गट तेरा होतात, चार-चारांचे. सहाचा गट केलात की दोघं करतात आणि चौघं बघतात. कामं वाटून द्या: हात लावणारा, घड्याळवाला, लिहिणारा आणि ‘कशावरनं?’ विचारणारा. ही कामं दर वेळी फिरवा, नाहीतर मुली लिहीत बसतात आणि मुलगे साहित्य बळकावतात. मी अनेक वर्गांत हेच बघितलंय, आणि वाटण्या ठरवून दिल्याशिवाय ते मोडत नाही. गोंगाट होणार. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा, तेवढं पुरतं.

साहित्याला पैसे लागत नाहीत. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे पालक तुमच्याही शाळेत असतील. नट, वॉशर, पत्र्याचे तुकडे खोकाभर मिळतात. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मुलं आणतात. त्या कुलूपबंद कपाटाची किल्ली मात्र मागून घ्या. परीक्षानळी फुटली तर भरून कोण देणार, या भीतीनं किती कपाटं वर्षानुवर्षं बंद असतात! मी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना फुटतुटीसाठी लेखी परवानगी मागितली होती. त्यांनी सही केली आणि माझी भीती गेली.

आता आपल्या भागातला माझा आवडता विषय, गुऱ्हाळ. तुमच्या वर्गात निदान चार-पाच घरं तरी गुळाशी बांधलेली असतील. रस काहिलीत उकळायला लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतो, मळी वर येते, ती काढून टाकतात. चुन्याची निवळीही घालतात. का? मुलांना विचारा, ‘गूळ चांगला व्हतोय म्हणून’ हे उत्तर येतं. तिथून पुढं खोदा. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. आम्ल जास्त राहिलं तर उकळताना साखरेचं विघटन होतं आणि गुळाची ढेप नीट बसत नाही. चुना ते आम्ल मारतो. आम्ल-आम्लारीच्या धड्याला यापेक्षा जवळचं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

वर्गात करायचं ते असं. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून दर्शक तयार करा. आम्लात तो गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. प्रश्न द्या: एक कप रसातलं आम्ल मारायला चुन्याची निवळी किती थेंब लागेल? रस ताजाच पाहिजे. तासाभरानं तो आंबायला लागतो आणि सकाळच्या गटाचा आकडा दुपारच्या गटाशी जुळत नाही. (हाही पुढच्या वर्षीचा एक प्रश्नच झाला.) आणखी एक अडचण म्हणजे रसाला स्वतःचाच हिरवट रंग असतो, त्यामुळं दर्शक कधी बदलला ते दिसत नाही. एका गटानं यावर उपाय काढला. दोन पेले शेजारी ठेवले, एकात दर्शक घातलेला रस आणि दुसऱ्यात नुसता, आणि दोघांची तुलना केली. त्या दिवशी घंटा झाली तरी मला वर्ग सोडवेना. चुना दाहक असतो, डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून मुलांच्या हातात फक्त वरची नितळ निवळी आणि ड्रॉपर द्या. चुन्याची कळी भिजवायचं काम तुमचं. आणि वापरलेला रस कुणी पिणार नाही हे आधीच बजावा, सातवीची पोरं काय करतील सांगता येत नाही.

दुसरा विषय सावलीचा. मैदानात एक मीटरची काठी उभी करा आणि ११:४५ पासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवा. सावली सर्वांत आखूड कधी? सगळे म्हणतात, बाराला. कोल्हापुरात ती सरासरी साडेबाराच्या पुढं येते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि आपण ७४ अंशांच्या थोडं पुढं. अंशाला चार मिनिटं धरा, सुमारे ३३ मिनिटांचा फरक. शिवाय महिन्यागणिक हा आकडा सरकतो: नोव्हेंबरात सव्वाबाराच्या जवळ, फेब्रुवारीत पावणेएकच्या जवळ. म्हणून हा प्रयोग एका दिवसात संपवू नका. महिन्यातून एकदा, १५ मिनिटांचं काम. डबा खाण्याच्या सुट्टीत पोरं स्वतःच करतात.

हे तीन-चार महिने चाललं की किरणोत्सवाचा प्रश्न काढा. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. कोल्हापूरच्या पोराला हे सांगावं लागत नाही. पण याच तारखा का, आणि वर्षातून दोनदाच का? कॅलेंडर द्या आणि २२ डिसेंबरपासून, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या दिवसापासून, मागे-पुढे दिवस मोजायला लावा. १० नोव्हेंबर ४२ दिवस आधी, १ फेब्रुवारी ४१ दिवस नंतर. हा आकडा निघाला की वर्गात जो क्षणभर शांतपणा पसरतो ना, तो अनुभवावा. सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि परतताना क्षितिजाच्या त्याच जागी मावळतो, हे सांगायची गरजही पडत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी शाळेच्या गच्चीवरून किंवा घराच्या माळवदावरून एखाद्या टाकीच्या, झाडाच्या आधारानं मावळतीची जागा नोंदवावी. सूर्याकडं थेट टक लावून बघायचं नाही, टेकताना फक्त खूण करायची. देवळाच्या श्रद्धेला यात कुठं धक्का लागत नाही. उलट, बांधणाऱ्यांनी काय निरीक्षण केलं असेल याचंच पोरांना कौतुक वाटतं.

पोर्शनबद्दल स्पष्ट बोलतो. सगळं असं शिकवायचं नाही, शिकवताही येत नाही. अणूची रचना, पेशीच्या अंगकांची नावं, रासायनिक चिन्हं, ही सरळ सांगा, नीट चित्र काढून सांगा आणि पाठ करून घ्या. माहीतच नसलेल्या गोष्टीवर ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारत बसणं म्हणजे मुलांचा वेळ खाणं. ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलानं ज्ञान स्वतः घडवावं या विचाराच्या नावाखाली फरशा रंगवल्या गेल्या आणि मुलं गोल करून बसवली गेली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आत तेच घोकणं चालू होतं. मी एका सत्रात दोन, फार तर तीन मोठे शोध घ्यायचो. बाकी धडे नेहमीसारखे, थोडे वेगानं. दोलकावर चार तास गेले तर पुढं कमीतकमी तेवढेच वाचतात, कारण ‘तुलना करताना काय सारखं ठेवायचं’ हे पुन्हा शिकवावं लागत नाही.

कागदाचं म्हणाल तर आकारिक (शिकतानाच होणाऱ्या) मूल्यमापनात ‘प्रात्यक्षिक, प्रयोग’ हे साधन आहेच, ‘उपक्रम, कृती’ हेही आहे. वहीतलं ते उजवं पान हीच नोंद. वेगळी फाइल रंगवू नका. गुण उत्तराला देऊ नका, नोंदीच्या प्रामाणिकपणाला आणि ‘कशावरनं’ला द्या, आणि ते वर्गाला आधी सांगा. लेखी परीक्षेतही एक प्रश्न तरी असा घाला: एका गटाचे आकडे द्यायचे आणि विचारायचं, या गटाचं कुठं चुकलं? मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ला १६ शाळांत विज्ञान असं करून शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला होता. पुढं तो हजाराच्या वर शाळांत पोचला आणि २००२ला सरकारनं बंद केला. तिथं परीक्षेला पुस्तक आणि वही उघडून बसायची मुभा होती. आपल्याला तेवढं स्वातंत्र्य नाही, पण घटक चाचणीत कुणी अडवत नाही. मी दोन वर्षं उघड्या वहीवर चाचणी घेतली, आणि ज्यांची वही खरी होती त्यांनाच तिचा उपयोग झाला.

विज्ञान प्रदर्शनासाठी कुणी तुम्हाला ज्वालामुखी करायला लावला तर करा, वाद घालू नका. पण त्याला यात धरू नका.

येत्या आठवड्यात दोलकच घ्या. नट सगळे एकाच मापाचे निवडा, दोरा न ताणणारा. पतंगाचा किंवा चांभारी दोरा चालतो, लोकर नको. आणि मोजायला बसण्याआधी एक झोका म्हणजे काय ते वर्गाकडून ठरवून घ्या, जाणं का जाऊन परत येणं. मी पहिल्या वर्षी ते ठरवायला विसरलो होतो. अर्ध्या वर्गाचा आकडा बरोबर दुप्पट आला आणि अख्खा तास मी घड्याळं तपासत होतो.